माळढोकासाठी टीशर्ट विकून निधी उभारायचा आहे: कापड, छपाई, हिशेब आणि पैसे नेमके कुठे द्यावेत?

माळरान_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या आमच्या निसर्गमंडळाला नान्नजच्या (सोलापूरजवळच्या अभयारण्यातल्या) माळढोकासाठी टीशर्ट काढून निधी उभा करायचा आहे. मंडळ नोंदणीकृत नाही, सभासद ६०-६५. डोक्यात असलेला बेत असा: १०० ते १५० टीशर्ट, छातीवर माळढोकाचं चित्र, खाली एक ओळ, किंमत ४००-५०० रुपये. विक्री शहरातली दोन-तीन प्रदर्शनं, समाजमाध्यमं आणि ओळखीपाळखीतून. पुण्या-मुंबईकडून आणि परदेशातल्या नातेवाइकांकडूनही मागणी येईल असं वाटतं.

प्रश्न चार आहेत. कापड आणि छपाई कोणती घ्यावी, म्हणजे दोन धुण्यांत चित्र उडणार नाही? एका टीशर्टमागे खरोखर किती पैसे उरतात? नोंदणी नसताना 'संवर्धनासाठी' म्हणून पैसे गोळा करता येतात का? आणि गोळा झालेले पैसे कुणाला, कशासाठी द्यावेत, म्हणजे पक्ष्याला त्याचा उपयोग होईल?

---

छपाईघर

कापडापासून सुरू करतो. १८० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), शंभर टक्के कॉटन, सिंगल जर्सी (टीशर्टची नेहमीची एकेरी वीण), बायोवॉश केलेलं (लव काढून मऊ केलेलं) घ्या. १४०-१५० जीएसएमचा माल ३०-४० रुपयांनी स्वस्त पडतो, पण अंगावर पारदर्शक दिसतो आणि तिसऱ्या धुण्यानंतर गळा लोंबतो. निधीसाठी म्हणून लोक एकदा घेतील, पण तो टीशर्ट वर्षभर अंगावर दिसला तरच पुढच्या वर्षी मागणी येते. कोरा माल बहुतेक तिरुपूरचाच मिळतो. घेताना तीन गोष्टी तोंडी नाही, नमुना धुऊन तपासा: आकसणं (लांबीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको), बाजूची शिलाई फिरून पोटावर येते का, आणि रंग सुटतो का. नमुन्यावर धुण्याआधी पेनाने ५० सेंमीची रेघ मारा आणि धुतल्यावर मोजा. ४७.५च्या खाली आली तर तो माल परत करा.

सगळा माल एकाच डाय लॉटचा (एकाच वेळी रंगवलेला) मागा. नंतर २० नग वाढवून घेतले की तोच 'ऑलिव्ह' वेगळा निघतो, आणि प्रदर्शनात शेजारी शेजारी ठेवल्यावर ते लगेच दिसतं.

छपाई. १०० नगांसाठी स्क्रीन प्रिंट (जाळीतून शाई दाबून) परवडतं, २०-२५ नगांसाठी डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं). डीटीएफमध्ये कितीही रंग चालतात, पण चित्राचा आकार मोठा असला की छातीवर प्लॅस्टिकचा पत्रा बसवल्यासारखं होतं, सोलापूरच्या उन्हात घाम आतच राहतो आणि उलट्या बाजूने इस्त्री न केल्यास कडा सुटतात. स्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाला एक स्क्रीन लागते, म्हणून चित्र दोन रंगांत बसवा: काळा आणि विटकरी-तपकिरी. कापडाचा रंग सुक्या गवतासारखा (खाकी, बेज, फिकट वाळू) ठेवलात तर मानेचा फिकटपणा कापडातूनच मिळतो, पांढरी शाई लागतच नाही. गडद कापड घेतलं की खाली पांढऱ्या शाईचा थर (अंडरबेस), मधे तो झटपट वाळवणं (फ्लॅश) आणि वर रंग, म्हणजे दोन रंगांचं काम तीन-चार रंगांच्या भावात जातं.

फिकट कापडावर पिगमेंट (पाण्यावरची शाई) वापरा. ती धाग्यात मुरते, हाताला लागत नाही. प्लास्टिसोल शाई जास्त झळकते, पण ती पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकच आहे, आणि संवर्धनाच्या टीशर्टवर ती कशाला हा प्रश्न ग्राहक विचारतोच. दोन्हींत बिघडतं ते एकाच ठिकाणी, भाजणीत (छापल्यावर शाई उष्णतेने पक्की करण्यात). प्लास्टिसोलला थराच्या तळापर्यंत १६० अंश सेल्सिअस पोचावे लागतात. पिगमेंटला साधारण १५० अंशांवर दोन-तीन मिनिटं लागतात आणि शाईत फिक्सर असावा लागतो. घाई असली की कारागीर नुसता हीट गनचा झोत फिरवून माल घडी करतो. असा माल दिसायला ठणठणीत असतो आणि पहिल्याच धुण्यात चित्र फुटतं. म्हणून ऑर्डर देतानाच लिहून घ्या: पहिले दोन नग छापून हातात द्यायचे, ते मशीनमध्ये पाच वेळा धुवायचे, मगच बाकीची छपाई.

'ग्रे मेलांज' टाळा. त्यात बऱ्याचदा पॉलिएस्टर मिसळलेलं असतं आणि भाजणीत त्याचा रंग शाईत चढतो.

मापं १०० नगांसाठी अशी ठेवा: एस १२, एम २८, एल ३२, एक्सएल २०, डबल एक्सएल ८. बायकांचं वेगळं माप काढू नका, छोट्या ऑर्डरमध्ये तेच सगळ्यात जास्त पडून राहतं. त्याऐवजी एक्सएस ठेवा. फॉर्मवर 'एम-एल' असं न लिहिता छातीचा घेर इंचांत लिहा, कारण एका कंपनीचा एल ४० असतो आणि दुसरीचा ४२. अदलाबदलीच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

---

जमाखर्च

आता आकडे. भाव शहरागणिक बदलतील, पण रीत हीच राहील. १०० नग, दोन रंग, एका बाजूला छपाई असं धरू.

कोरा टीशर्ट १८५, छपाई ४०, स्क्रीनचे ९०० रुपये शंभरांत वाटून ९, खरेदी आणि छपाईवरचा जीएसटी सुमारे ११, पिशवी आणि लेबल १२, खराब आणि अदलाबदलीचा माल १२, ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क १२. झाले २८१. विक्री ४९९ला धरली (कुरिअर ग्राहकाकडून वेगळं), तर एका नगामागे २१८ उरतात.

हा आकडा बघून 'प्रत्येक टीशर्टमागे २०० रुपये माळढोकाला' असं छापाल तर फसाल, कारण तो सगळे शंभर विकले गेले तरचा आहे. १५ नग पडून राहिले की त्यांचे प्रत्येकी २६९ बुडतात (शुल्क तेवढं वाचतं). म्हणजे ८५ × २१८ = १८,५३०, त्यातून ४,०३५ गेले, हाती १४,४९५. विकलेल्या नगामागे १७०. तीस पडून राहिले तर हाती फक्त ७,१९०, म्हणजे नगामागे जेमतेम १०३. निम्म्याहून जास्त निधी न विकलेल्या मापांच्या खोक्यात जाऊन बसला.

म्हणून आगाऊ नोंदणी हाच रस्ता. तीन आठवडे पूर्ण पैसे भरून नोंदणी घ्या, मग मापांनुसार ऑर्डर द्या, आणि वर फक्त १० टक्के एम-एल जादा घ्या. 'नाव लिहून ठेवा, पैसे नंतर' अशी नोंदणी धरू नका. तिच्यातली एक तृतीयांश गळते, हा सरधोपट हिशेब समजा. टीशर्टवर टक्का लिहू नका, रुपये लिहा: 'या टीशर्टच्या किमतीतले १५० रुपये अमुक कामासाठी'. 'सर्व नफा' हे शब्दही नकोत, नफा म्हणजे काय ते तुम्हीच ठरवणार असता.

कायद्याचं. नोंदणी नसताना धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ क लागतं. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून जी परवानगी काढतात, तीच. दुसरा आणि तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे नोंदणीकृत न्यासाबरोबर (ट्रस्टबरोबर) लेखी करार करा, टीशर्ट न्यासानेच विकावेत, पैसे थेट न्यासाच्या खात्यात, आणि तुमचं मंडळ फक्त काम करेल. एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड प्रदर्शनात लावू नका. ती रक्कम त्याच्या उत्पन्नात दिसते आणि उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यायला त्याच्याकडे कागद नसतो.

न्यासाच्या बाजूने: वनं आणि वन्यजीवांचं जतन हा आयकर कायद्यातल्या धर्मादाय हेतूच्या व्याख्येत स्वतंत्र हेतू आहे, त्यामुळे 'सार्वजनिक उपयोगिते'च्या इतर संस्थांना विक्रीच्या उत्पन्नावर जी २० टक्क्यांची मर्यादा लागते ती इथे आड येत नाही. पण विक्रीची वही वेगळी ठेवावीच लागते आणि ती विक्री न्यासाच्या उद्देशाला पूरक असावी लागते.

देणगीवरच्या आयकर सवलतीची (८०जी) पावती टीशर्टवर देता येत नाही. वस्तू घेतली म्हणजे ते दान नाही. कुणी ४९९ऐवजी १,००० दिले आणि वरच्या रकमेची पावती मागितली, तर ती रक्कम वेगळा व्यवहार म्हणून घ्या. रोखीत २,०००च्या वर वजावट मिळत नाही हेही आधीच सांगा.

जीएसटी: फक्त वस्तू विकणाऱ्याला राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. बेंगळुरू-इंदूरच्या मागण्या आल्या तर एकतर जीएसटी असलेल्या छपाईवाल्यालाच विक्रेता करा आणि त्याने ठरलेली रक्कम न्यासाला द्यावी, नाहीतर पहिल्या फेरीला महाराष्ट्रापुरतंच थांबा. न्यासाची जीएसटी नोंदणी असेल तर ४९९मध्ये ५ टक्क्यांचे सुमारे २४ रुपये जातात. खरेदीवरचे ११ त्यातून वळते होतात.

---

गवताळ

वरची दोन्ही उत्तरं नीट वाचा, पण माझ्या मते क्रम उलटा हवा. पैसे कशासाठी हे ठरल्याशिवाय टीशर्टवरची ओळसुद्धा लिहिता येत नाही.

देशात माळढोक आता दीडशेच्या आत-बाहेर उरलेत, बहुतेक सगळे जैसलमेरच्या बाजूला. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, पण महाराष्ट्रात आज एखाद-दुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते. म्हणून 'नान्नजचा माळढोक वाचवा' असं छापून पैसे घेणं मला पटत नाही. घेणाऱ्याला वाटेल तिथे थवे आहेत. राजस्थानात सम (२०१९पासून) आणि नंतर रामदेवरा इथे बंदिस्त जागेतल्या प्रजननाचं काम सुरू आहे, ते सरकारी निधीवर चालतं, आणि त्यात वीस हजारांच्या देणगीने काही हलत नाही. पक्ष्याला सगळ्यात मोठा धोका वीजवाहिन्यांचा. जड शरीर, समोरचं कमी दिसतं, तार जवळ आल्यावर वळता येत नाही. तारा भूमिगत करणं किंवा त्यांवर परावर्तक बसवणं हे वीज कंपन्यांचं आणि न्यायालयातलं काम आहे.

तुमच्या पैशांनी होण्यासारखं काम आहे ते माळाचं. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल आणि परत आलाच तर माळढोक, सगळे त्याच गवतावर जगतात. तेव्हा ओळ अशी असावी: 'सोलापूरच्या माळरानासाठी'. चित्र माळढोकाचं, काम माळाचं, आणि दोन्ही खरं.

काय करता येईल? अभयारण्याच्या हद्दीत पाणवठा, कुंपण, पेरणी काहीही पुणे वन्यजीव विभागाच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही. हद्दीबाहेरचं गायरान आणि शेतकऱ्यांची पडीक जमीन इथे ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन काम होतं. पवन्या, मारवेल या गवतांचं बी पावसाळ्यानंतर, गवत पिकल्यावर हाताने गोळा करून सुकवायचं आणि पुढच्या मृगाआधी उघड्या पडलेल्या जागी पेरायचं. बी गोळा करायची मजुरी गावातल्याच बायकांना मिळते. बांधावरची बोराटी तोडू नये म्हणून शेतकऱ्याशी बोलणं, कारण माळढोकही बोरं खातो आणि बाकीचे पक्षीही. गावातल्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण: माळढोक जमिनीवर वर्षाला एकच अंडं घालतो आणि कुत्र्याला ते सापडलं की त्या मादीचं वर्ष गेलं. हे काम मात्र मान्यताप्राप्त संस्थेकडूनच. लांडग्याने मेंढी मारली तर सरकारी भरपाई येईपर्यंत धनगराला हातात तातडीची रक्कम देणं, हेही फार मोलाचं. लांडग्यावर विष घातलं जातं ते त्या मधल्या दिवसांत.

एक काम चुकूनही करू नका: वृक्षारोपण. माळावर झाड लावलं की तिथे शिकारी पक्ष्याला बसायला जागा होते, गवतावर सावली पडते आणि मोकळी नजर लागणारा पक्षी ती जागा सोडतो. नान्नजच्या पट्ट्यातही पूर्वी ग्लिरिसिडिया लावली गेली होती. 'एक टीशर्ट, एक झाड' ही घोषणा ऐकायला गोड आहे आणि या पक्ष्याच्या थेट मुळावर येते.

चित्राबद्दल. नराच्या डोक्यावर काळी टोपी, मान फिकट पांढरी, छातीवर काळा पट्टा, पाठ तपकिरी. मादी लहान, मान करडसर, पट्टा तुटक किंवा नसतोच. चोच आखूड, पाय लांब आणि पिवळट. पायाला तीनच बोटं असतात, तिन्ही पुढे. मागचं बोट नसतं. चित्रकार सवयीने चौथं काढतो. डोक्यामागे लांब पिसं लोंबत असतील तर तो तणमोर, म्हणजे वेगळाच पक्षी. मान फार बारीक आणि वाकडी झाली तर शहामृग दिसतो. घरट्यावरचा किंवा अंड्याजवळचा फोटो आधाराला घेऊ नका, आणि कुणाचाही फोटो गिरवायचा तर लेखी परवानगी घ्या. वनविभागाचं बोधचिन्हही नको. आणि टीशर्टचं अनावरण माळावर जाऊन करायचं नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. तो विणीचा हंगाम.

---

सुईदोरा

सोलापुरात बसून तिरुपूरचा टीशर्ट का, एवढंच विचारते. सोलापूरचं बळ गणवेश शिवण्यात आहे. शेवाळी किंवा मातकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा फील्ड शर्ट, दोन झाकणवाले खिसे, खिशावर माळढोकाचं छोटं भरतकाम. पक्षिनिरीक्षक असा शर्ट दोन-तीन वर्षं वापरतात, आणि ५० नगांचं कामसुद्धा इथले शिवणारे घेतात. किंमत ९००च्या आसपास जाईल, नग कमी विकले जातील, पण एका नगामागे उरणारी रक्कम मोठी राहते.

भरतकामाचा भाव टाक्यांवर असतो. ६-७ सेंमी रुंद पक्ष्याला सहा ते आठ हजार टाके धरा. डिजिटायझिंगचा (चित्राची मशीनसाठी फाइल करण्याचा) खर्च एकदाच. मागे बॅकिंग कागद लावायलाच सांगा, नाहीतर धुतल्यावर कापड चित्राभोवती चुण्या खातं. हेच भरतकाम १८०च्या जर्सीवर मोठ्या आकारात करू नका, ताणाने भोकं पडतात. मानेची काळी-पांढरी सीमा साटिन टाक्यात घ्या, पाठ भरीव टाक्यात, आणि पायाची तीन बोटं एकेरी रनिंग टाक्यात. लहान आकारात बोटं साटिनमध्ये घेतली की एकत्र मिसळून गोळा होतो. मशीन लावण्याआधी धाग्याचा खरा नमुना बघा, संगणकावरचं चित्र बघून होकार देऊ नका.

आणखी एक. सोलापूरच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) माळढोक विणलेला नॅपकिन हा इथलाच माल होईल. पण यंत्रमागावर नवं डिझाइन चढवायला बराच माल घ्यावा लागतो, तेव्हा ते दुसऱ्या वर्षी, मागणी कळल्यावर.

---

माळरान_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता बेत असा बदलतो: न्यासाशी लेखी करार, तीन आठवडे पैसे भरून नोंदणी, खाकी टीशर्टवर दोन रंगांत पिगमेंट, आणि सोबत ३० फील्ड शर्ट. ओळ 'सोलापूरच्या माळरानासाठी'. निधी बी गोळा करण्याच्या मजुरीला आणि मेंढपाळांच्या तातडीच्या मदतीला.

दोन शंका राहिल्या. परदेशातले नातेवाईक पैसे पाठवतो म्हणतात, ते घ्यावेत का? आणि नोंदणीनंतरही जादा नग उरलेच तर?

---

जमाखर्च

परदेशात राहणाऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचे पैसे परदेशी देणगीत मोजले जात नाहीत. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, अगदी ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशीयांचं) कार्ड असलं तरी, त्यांची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असलेल्या न्यासालाच घेता येते. तुमच्या न्यासाकडे ती नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. इथे राहणाऱ्या भावाच्या खात्यातून फिरवून घेणं हाही उल्लंघनाचाच प्रकार आहे. एका चुकीच्या देणगीने न्यासाचं बाकी सगळं काम अडकू शकतं.

उरलेला माल खरेदीच्या भावाच्या खाली विकू नका आणि फुकटही वाटू नका, पूर्ण पैसे भरलेल्यांचा विश्वास जातो. बी गोळा करणाऱ्या आणि माळावर राखण करणाऱ्या लोकांना कामाचे कपडे म्हणून द्या आणि हिशेबात ते नग त्याच नावाने दाखवा. हिशेबाचं एक पान मात्र विक्री संपल्यापासून महिन्याभरात सगळ्यांना पाठवा: किती छापले, किती विकले, किती उरले, खर्च किती, न्यासाला कोणत्या तारखेला किती गेले, आणि न्यासाच्या पावतीचा फोटो.

---

गवताळ

मेंढपाळांच्या मदतीसाठी एक अट आधीच लिहून ठेवा: पंचनाम्यासाठी वनरक्षकाला कळवल्यावरच रक्कम द्यायची. मेंढी कुत्र्याने मारली की लांडग्याने, हे गळ्यावरच्या दातांच्या खुणांवरून आणि माग पाहून ठरतं, आणि मेलेलं जनावर हलवलं की ते ठरवता येत नाही. शिवाय सरकारी भरपाईचा अर्ज त्याच पंचनाम्यावर होतो. तुमची रक्कम मधल्या दिवसांपुरती आहे, ती त्या अर्जाच्या जागी नाही, हे मेंढपाळाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.